सोसायटी ग्रुप : प्रतिभाताईंच्या राज्यपालपदाविषयी

अ-३०२ : सर्वांना नमस्कार. माझी मुलगी आठवीत असून शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिने श्रीमती प्रतिभाताई पाटील हा विषय निवडला आहे. राष्ट्रपतिपदाची माहिती सगळीकडे मिळते. परंतु त्यापूर्वी त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या, त्याविषयी दोन ओळींपलीकडे काही हाती लागत नाही. ब-१०४ मधील सरांनी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवले आहे, म्हणून त्यांना विशेष विनंती.

क-२०१ : वहिनी, दोनच ओळी मिळणार, कारण त्या पदाला कामेच दोन असतात, शपथ देणे आणि सही करणे. मुलीने २००९ मध्ये पुण्याहून सुखोई विमानातून केलेल्या उड्डाणाचा प्रसंग सांगावा, हमखास टाळ्या मिळतील.

ब-१०४ : दादा, सही करणे हे काम आपण समजता तितके किरकोळ नाही, आणि त्याचे चांगले उदाहरण ताईंच्याच कारकिर्दीत आहे. ८ नोव्हेंबर २००४ रोजी त्यांनी राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल म्हणून सूत्रे घेतली, तेव्हा मुख्यमंत्रिपदी वसुंधरा राजे होत्या आणि विधानसभेच्या अध्यक्षपदी सुमित्रा सिंह. म्हणजे त्या राज्यातील तीन मोठी घटनात्मक पदे एकाच वेळी स्त्रियांकडे होती. मुलीला भाषणाची सुरुवात येथूनच करता येईल.

मुख्य प्रसंग २००६ चा आहे. बळजबरीने, आमिष दाखवून किंवा फसवून होणाऱ्या धर्मांतरास प्रतिबंध करणारे विधेयक राजस्थान विधानसभेने संमत केले आणि ते राज्यपालांकडे संमतीसाठी आले. ताईंनी त्यावर सही केली नाही. त्यातील तरतुदींमुळे धर्मस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काला बाध येतो, असा आक्षेप नोंदवून त्यांनी ते परत पाठवले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० नुसार विधेयकाला संमती देणे, संमती रोखणे, फेरविचारासाठी सभागृहाकडे परत पाठवणे किंवा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवणे असे मार्ग राज्यपालांपुढे असतात. त्यांपैकी कोणता मार्ग केव्हा घ्यावा, यावरून आजही राज्याराज्यांत वाद होतात. निवडून आलेल्या बहुमताचे विधेयक केंद्राने नेमलेल्या व्यक्तीने अडवावे का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्या वेळीही तो विचारला गेला. माझे मत विचाराल, तर आक्षेपाचे कारण लेखी देऊन विधेयक परत करणे हे ते कपाटात ठेवून देण्यापेक्षा कितीतरी सरळ होते.

क-२०१ : सर, तो निर्णय त्यांच्या काँग्रेस पक्षाच्या भूमिकेला धरून होता, असेही म्हणता येईल.

ब-१०४ : म्हणता येईल, आणि तसे म्हणणारे तेव्हाही होते. तरीही राजभवनात जाण्यापूर्वी त्यांनी विधिमंडळ कोणकोणत्या बाजूंनी पाहिले होते, ते ध्यानात घ्या. बोदवड तालुक्यातील नाडगावात १९ डिसेंबर १९३४ रोजी जन्मलेली, आपल्या एम. जे. कॉलेजात टेबल टेनिस गाजवलेली आणि पुढे मुंबईत कायदा शिकून जळगावच्या कोर्टात वकिली करणारी ही मुलगी १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावातून आमदार झाली. १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबाद मतदारसंघाने त्यांना सलग चार वेळा निवडून दिले. या काळात वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री, पुढे समाजकल्याण, आरोग्य, शिक्षण अशा खात्यांच्या मंत्री, म्हणजे सत्ताधारी बाक झाले. १९७८ मध्ये शरद पवारांनी वेगळी वाट धरून पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे, सरकार आणले, तेव्हा ताई इंदिरा गांधींबरोबर राहिल्या आणि १९७९-८० मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या, म्हणजे समोरचे बाकही झाले. मग राज्यसभेत गेल्यावर १९८६ ते १९८८ या काळात उपसभापती म्हणून दोन्ही बाकांना आवरणारी खुर्ची. मंत्री म्हणून ज्याने विधेयक मांडले, विरोधक म्हणून ज्याने त्यावर टीका केली आणि पीठासनावरून ज्याने ती चर्चा चालवली, त्याला सही म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. मला या कारकिर्दीत सुखोईपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

ड-४०३ : सरांच्या म्हणण्यात एका नावाची भर घालते. जळगावचा राज्यपालपदाशी संबंध ताईंपासून सुरू होत नाही. पहिल्या लोकसभेत जळगावचे प्रतिनिधित्व करणारे हरि विनायक पाटसकर १९५७ ते १९६५ मध्य प्रदेशाचे राज्यपाल होते. त्यापूर्वी केंद्रात मंत्री असताना १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा संसदेतून पार पाडण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आज या इमारतीतील आम्हां बायकांची नावे माहेरच्या उताऱ्यावर लागतात, त्याचा पाया त्या वारसा कायद्याने घातला, आणि आमच्याच जिल्ह्याला त्यांचे नाव आठवत नाही. शाळेतल्या मुलींना कोणी तरी हेही सांगावे.

अ-३०२ : काकू, हे मला खरोखरच ठाऊक नव्हते. सर, राजस्थान सोडून त्या थेट राष्ट्रपतिपदाकडे गेल्या का?

ब-१०४ : होय, जून २००७ मध्ये राज्यपालपदाचा राजीनामा देऊन त्या निवडणुकीस उभ्या राहिल्या. समोर भैरोसिंह शेखावत होते, म्हणजे राजस्थानच्या मावळत्या राज्यपालांची लढत त्याच राज्याच्या माजी मुख्यमंत्र्यांशी झाली. त्यातही ताईंचे यजमान डॉ. देवीसिंह हेही शेखावतच. आमदार-खासदारांच्या मतांना ठरवून दिलेल्या मूल्याच्या हिशेबात ताईंना ६,३८,११६ आणि भैरोसिंहांना ३,३१,३०६ मते पडली. शिवसेना तेव्हा समोरच्या आघाडीत असूनही तिने मराठी उमेदवार म्हणून ताईंना मत दिले.

क-२०१ : भाषण नुसत्या कौतुकाचे होऊ नये, एवढीच माझी सूचना. त्यांच्या नावाच्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला होता, आणि निवृत्तीनंतरच्या निवासासाठी पुण्यात मिळालेली लष्करी जमीन माजी सैनिकांच्या आक्षेपानंतर २०१२ मध्ये त्यांनी सोडली.

ब-१०४ : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या अवश्य सांगाव्यात. आठवीतल्या मुलीने बँकेच्या तपशिलात शिरू नये. जमिनीचा विषय एका वाक्यात येऊ शकतो.

अ-३०२ : सर्वांचे आभार. भाषणाला पाचच मिनिटे आहेत, म्हणून सुखोई वगळून विधेयकाचा प्रसंग ठेवते, असे ती म्हणते आहे. तिचा एक प्रश्न उरला आहे : एदलाबाद नकाशावर सापडत नाही.

ब-१०४ : कारण तेच आजचे मुक्ताईनगर. भाषणात दोन्ही नावे घेऊ दे, परीक्षकांपैकी निदान एकाला तरी जुने नाव आठवत असेल. विधेयकाचा परिच्छेद लिहून झाला की मला पाठवा. अनुच्छेदाचा आकडा आणि तारखा मी तपासून देतो.