किल्ली अडकते, खड्ड्यात इंजिन बंद पडतं: लॉक बदलायचं की स्विच?

खानापूर_कार

नमस्कार मंडळी. २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. दोन त्रास एकदम सुरू झालेत. सकाळी किल्ली लॉकमधून फिरतच नाही, बरीच हलवावी लागते. आणि गाडी बंद केल्यावर कधी एसीसीवरच (लॉक आणि ऑनच्या मधली, इंजिन बंद ठेवून रेडिओ वगैरे चालवायची जागा) अडकते, बाहेर येत नाही. दुसरं म्हणजे, जांबोटी रस्त्याला खड्डा लागला की डॅशबोर्डचे दिवे जातात आणि इंजिन बंद. किल्ली थोडी ऑनच्या अंगाला दाबली की दिवे परत येतात. बॅटरी नवी आहे. गॅरेजवाले म्हणतात लॉकमध्ये तेल सोडा, नाहीतर सगळा लॉकसेट बदला. सेट बदलला तर दारांच्या किल्ल्याही बदलणार. आधी काय तपासू, सांगा की.

उद्यमबाग_मेकॅनिक

हे दोन वेगळ्या भागांचे दोष आहेत, भाऊ. किल्ली जाते ते लॉक, म्हणजे बॅरल, यांत्रिक भाग. त्याच्या मागच्या टोकाला स्क्रूने बसवलेला प्लास्टिकचा इग्निशन स्विच, तो इलेक्ट्रिकल. बऱ्याच गाड्यांत स्विच एकटा मिळतो, त्यामुळे सेट बदलायची घाई नको.

किल्ली फिरत नाही तेव्हा पहिल्यांदा स्टिअरिंग बघा. चाकं वळवून गाडी लावली असेल तर स्टिअरिंग लॉकच्या खिळीवर ताण राहतो. एका हाताने स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवा. जोर लावायचा नाही, किल्ली आत मोडली तर काम वाढतं. एसीसीवर अडकते त्याला वेगळं कारण: पुष्कळ गाड्यांत किल्ली किंचित आत दाबून मगच लॉककडे फिरवायची असते, आणि आतली स्प्रिंग धुळीने जाम झाली की हे दाबणं होत नाही. (ऑटोमॅटिक गाडी असती तर गिअर पूर्ण पी मध्ये आहे का आणि बॅटरी उतरलीय का, हे आधी विचारलं असतं.)

मग स्पेअर किल्ली लावून बघा. ती सहज फिरली तर बॅरल ठीक, रोजची किल्ली झिजलीय. आतल्या पितळी पत्त्या किल्लीच्या खाचांवर ठरलेल्या उंचीला उभ्या राहिल्या तरच बॅरल फिरतं. खाचा झिजल्या की एखादी पत्ती अडते. झिजलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढू नका, झीजही तशीच उतरते. किल्लीसोबत मिळालेल्या छोट्या टॅगवर नंबर असतो, त्या नंबरवरून कापून घ्या.

तेल मात्र अजिबात नको, खोबरेल नको, ग्रीसही नको. आपल्याकडची तांबडी माती बारीक असते, ती तेलात मिसळून चिखल होतो आणि पत्त्या चिकटतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक-दोन सेकंद फवारा मारा, किल्ली आत-बाहेर करा, पुसा, पुन्हा करा. पूर्ण सुकल्यावर चिमूटभर ग्रॅफाइट पावडर. नाही मिळाली तर किल्लीवर मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, तेवढ्याने भागतं.

वायरमन_टिळकवाडी

खड्ड्यात बंद पडणं बहुतेक स्विचमधलंच आहे. आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट ठिणगी पडून काळे होतात, मग लोड आला की तापतात आणि धक्क्याने सुटतात. म्युझिक सिस्टीम किंवा जादा लाइट रिलेशिवाय (रिले म्हणजे जास्त करंट स्वतःवर घेणारा वेगळा स्विच) इग्निशनच्या वायरवर जोडले असतील तर हे लवकर होतं.

स्टिअरिंगखालचं कव्हर उघडण्याआधी निगेटिव्ह काढा आणि दहा मिनिटं थांबा. एअरबॅग असेल तर पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. बॅरलभोवती इमोबिलायझरची (किल्लीतली चिप ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेची) बारीक वायरची रिंग असू शकते, ओढली की तुटते. कव्हर निघाल्यावर स्विचचा कनेक्टर नीट बघा. एखाद्या पिनेजवळ प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा वितळलं असेल तर दोष सापडला, कनेक्टरही बदलावा लागेल.

आता मल्टिमीटर. बॅटरी परत जोडा. गाडी काही तास उभी असेल तर बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. किल्ली ऑन, ब्लोअर फुल, वायपर चालू. मीटर डीसी व्होल्टवर, मीटरची एक पिन स्विचला येणाऱ्या कायम चालू जाड वायरला, दुसरी ऑनच्या वायरला, दोन्ही कनेक्टरच्या मागच्या बाजूने. ०.२ च्या आत आलं तर स्विच चांगला. ०.५ च्या वर गेलं तर कॉन्टॅक्ट खराब. किल्ली हलवताना आकडा उडाला तर शंकाच नको. तपासताना गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला.

नुसत्या बल्बच्या टेस्टरवर विसंबू नका. खराब कॉन्टॅक्टमधूनही बल्ब पेटतो, जास्त लोड आल्यावरच कॉन्टॅक्ट हरतो.

निपाणी_हायवे

स्विच बदलेपर्यंत घाटात आणि हायवेला गाडी काढू नका, ही विनंती. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच उरतो. आणि गाडी चालत असताना किल्ली मागे लॉककडे कधीच फिरवायची नाही, स्टिअरिंग अडकू शकतं.

किल्लीच्या जुडग्यातून बाकीच्या किल्ल्या, पितळी मूर्ती, सगळं आजच काढा. २०१४ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या त्या याच दोषाने: स्विचची पकड ढिली, जड जुडग्याने किंवा धक्क्याने तो रनवरून (म्हणजे ऑनवरून) एसीसीवर सरकायचा आणि एअरबॅगही बंद पडायची. कंपनीच्या भरपाई निधीने त्यातले १२४ मृत्यू मान्य केले.

खानापूर_कार

तपासलं. स्पेअर किल्ली सरळ फिरते, बाहेरही येते. स्विचवर ब्लोअर फुल असताना ०.९ व्होल्ट, किल्ली हलवली की १.४ पर्यंत जातं. कनेक्टरची एक पिन तपकिरी आहे.

वायरमन_टिळकवाडी

मग स्विच आणि कनेक्टर बदला, बॅरल राहू दे. दुकानात जुना स्विच सोबत न्या. पिनांची संख्या सारखी असली तरी मांडणी वेगळी असते. कनेक्टर बदलताना वायर पिळून टेप मारू नका, सोल्डर करून हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी घाला, जाडी मूळ वायरइतकीच ठेवा.

बसवताना एक जपायचं. बॅरलच्या मागची जीभ आणि स्विचची खाच दोन्ही लॉकच्या स्थितीत असल्या पाहिजेत. चुकलं तर किल्ली बाहेर येत नाही किंवा स्टार्टर सुटत नाही. कव्हर लावण्याआधी एसीसी, ऑन, स्टार्ट सगळं फिरवून बघा आणि स्टार्टवरून किल्ली आपोआप ऑनवर येते का ते खास बघा. स्टार्टर फिरतच राहिला तर लगेच निगेटिव्ह ओढा, नाहीतर तो जळतो.

उद्यमबाग_मेकॅनिक

नंबरवरून किल्ली करायला जाताना आरसी आणि ओळखपत्र न्या. किल्लीत चिप असेल तर नुसती कापून चालत नाही, प्रोग्रॅमही करावी लागते. तोपर्यंत स्पेअर वापरा.