जू, जुंपणे आणि संस्कृत युज्: इंग्लिश योक पण ह्यातलाच काय?

खानापूरकर:
बैलाच्या मानंवरचं जू, गाडी जुंपणे, बैलाची मान जुवाला बांधायचा पट्टा म्हणजे जोतं, आमच्या भागात रोजचे शब्द. पोरीच्या संस्कृत पुस्तकात युज् धातू दिसला, युनक्ति म्हणजे जोडतो, तर हे सगळं एकाच घरचं काय? इंग्लिशात जूला योक म्हणतात ते? आणि कानडीत जूला नोग म्हणतात ते? जोडणे पण त्यातनंच आलं असंल न्हवं? नीट सांगा की कुणीतरी.

निपाणीचा गडी:
होय की दादा, एकाच घरचं. युग म्हणजे मुळात जूच, प्राकृतात सुरवातीच्या य चा ज झाला, जसं यात्रेची जत्रा झाली, आणि मधला ग गळाला. जोतं योक्त्रमधनं. जुंपणेची वाट जरा वेगळी, हेमचंद्र ह्या जैन पंडितानं १२व्या शतकात प्राकृत व्याकरणात युज् साठी जुंज, जुज्ज, जुप्प अशी रूपं दिलीत, त्यातल्या जुप्पचं आपलं जुंपणे. जोडणे मात्र ह्यात घालू नका, ज चा असा ड होत नाही.

टिळकवाडी:
योक सख्खा भाऊच. संस्कृत ग च्या जागी इंग्लिशात क येतो, गो-काऊ, तसंच युग-योक. जर्मन योख, लॅटिन युगुम, ग्रीक झ्युगोन, आणि तुर्कस्तानात सापडलेल्या हित्ती ह्या जुन्या भाषेच्या पाट्यांवर युगन, ती भाषा १९१५ मध्ये ह्रोझ्नी नावाच्या चेक अभ्यासकानं उलगडली. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो मधला न. संस्कृतात युनक्ति पण युक्त, युग. लॅटिनात युंगो पण युगुम, म्हणजे क्रियापदात न शिरतो आणि नामात नसतो, दोन्हीकडं तसंच. शब्द उसना घेता येतो, पण असली आतली रचना कोण उसनी घेत नाही, म्हणून मूळ एकच मानायचं. आणि जॉइनचा ज बघून जूशी जोडू नका, शब्द त्याच धातूचा आहे, लॅटिनातनं फ्रेंचमार्गे इंग्लिशात आला, पण य चा ज तिकडं वेगळा झाला आणि आपल्याकडं वेगळा.

निपाणीचा गडी:
नोगचं म्हणाल तर तमिळात नुगम् आहे, तेव्हा आधी द्राविड भाषांत ताडून बघायला पाहिजे, नुसत्या आवाजावर नातं ठरवायचं नाही. आणि योग शब्दाबद्दल एक, धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, युज् एकाहून जास्त आहेत, त्यात एक जोडण्याचा, एक समाधीचा, आणि पतंजलींच्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात योग म्हणजे समाधी असं सरळ म्हटलंय, त्यामुळं पतंजलींचा योग म्हणजे आत्म्याला परमात्म्याशी जोडणं हे सरसकट सांगतात ते मला पटत नाही.

खानापूरकर:
लई बरं वाटलं वाचून. जूला शिवळ असते की, बैलाच्या मानंच्या कडेची खुंटी, ती कुठनं आली मग?