मदत हवी आहे : हिमोफिलिया, गुडघा आणि व्यायाम (नाशिक)

नमस्कार मंडळी. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा आजार), सिव्हिअर, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर ८ हे प्रथिन नेहमीच्या एक टक्क्याहूनही कमी. लहानपणापासून डाव्या गुडघ्यात वारंवार रक्तस्राव झाल्यामुळे तो पाय बारीक झालाय. परवा शिंप्याच्या टेपने मोजलं, डावी मांडी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरने कमी भरली. स्नायू बळकट असले की सांध्यावरचा ताण कमी होतो, हे डॉक्टरांनी पटवून दिलंय. म्हणून घराजवळच्या जिममध्ये घातलं. सगळं सांगूनही ट्रेनरने पहिल्याच दिवशी वजन घेऊन बैठका मारायला लावल्या. रात्री गुडघा टम्म फुगला, हात लावला तर गरम. फॅक्टरचं इंजेक्शन दिलं, कापडात गुंडाळून बर्फ लावला, पाय उशीवर ठेवला. पोरगं पहाटेपर्यंत तळमळत होतं आणि मी शेजारी बसून.

आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन आम्ही घरातही ठेवत नाही, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉलवरच भागवतो.

गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, कुठेही चालेल, पण हिमोफिलियाचे पेशंट हाताळलेले फिजिओथेरपिस्ट कुणाला माहीत आहेत का? तुमची मुलं फॅक्टर घेतलेल्या दिवशीच व्यायाम करतात का? रबरी पट्ट्यांपासून सुरुवात केली तर वजनापर्यंत यायला किती महिने लागले? आणि सर्वांत मुख्य, हे दुखणं नव्या रक्तस्रावाचं की झिजलेल्या सांध्याचं, ते तुम्ही कसं ओळखता? आमचा इथेच दर वेळी गोंधळ उडतो. स्वतः अनुभव घेतलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.