न्यूझीलंडने कुत्र्यांच्या शर्यती बंद करायचं ठरवलं, मग आमच्या बैलांवर का घसरता?

तापीकाठचा:
ग्रुपात पोस्ट फिरतेय, न्यूझीलंडने ग्रेहाउंडच्या शर्यती बंद करायचं ठरवलं आणि आपण अजून बैल पळवतोय, लाज वाटू द्या म्हणे. लिहिणाऱ्याने बैलाचं दावं तरी हातात धरलंय का कधी? अरे 2014 ला सुप्रीम कोर्टाची बंदी भोगली, डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, 2023 ला घटनापीठानेही राज्याचा शर्यतींचा कायदा मान्य केला. कलेक्टरची परवानगी, डॉक्टरचा दाखला, चाबूक नाही, शॉक नाही. अजून काय पाहिजे? आमचा बैल पोळ्याला पुरणपोळी खातो.

वांग्याचं_भरीत:
पोळा एक दिवस, भाऊ. मागच्या हिवाळ्यात एक शर्यत बघितली, हातात काठी नव्हती खरं, पण मुठीत खिळा होता आणि सुटताना शेपटी दातात. डॉक्टरसाहेब मंडपात चहा पीत बसलेले, दाखल्यांवर आधीच सह्या. न्यूझीलंडने पण 2021 ला सुधरा म्हणून तंबी दिली होती, डिसेंबर 2024 ला बंदी जाहीर केली. तिथे किती कुत्रे जखमी झाले ते मोजत तरी होते. इथे कोण मोजतं?

केळीवाला:
डॉक्टर?? 2022 च्या साथीत लम्पी, हा गुरांचा गाठींचा रोग, राज्यात आधी रावेर तालुक्यात सापडला, तिथून आमच्या गावात आला, बैलाच्या अंगभर गाठी, पाय सुजलेले, मी फोन करून करून थकलो. बैल गेला. भरपाई 25 हजार. राहिलेल्या एकट्याला कोणासोबत जुंपू?

पारोळेकर:
का भो, तुम्हाला मिळाले तरी. आमचा वेळेत पंचनामा झाला नाही म्हणून फाईलच परत. आणि लस आली तोवर अर्धा गोठा आजारी.

तापीकाठचा:
लम्पीचा इथे काय संबंध??

केळीवाला:
संबंध हाच की शर्यतीला नेते येणार म्हटलं की डॉक्टर सकाळी सातला हजर, आणि गोठ्यात बैल मरतो तेव्हा पद रिक्त! तुमचा नियम मंडपापुरता आहे, आप्पा.

तापीकाठचा:
बरं बाबा, तुम्हीच शहाणे. पण बंदी हा उपाय नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने 2016 ला कुत्र्यांच्या शर्यतींवर बंदी जाहीर केली, तीनेक महिन्यांत मागे घेतली, मग देखरेखीला वेगळा आयोग नेमला. तसं करा. आणि ताई, शर्यतीचं शूटिंग कलेक्टरकडे द्यावं लागतं, माहितीच्या अधिकारात मागवा की.

वांग्याचं_भरीत:
अर्ज मी करायचा आणि नंतर गावात राहायचं पण मीच, वा! आयोग चालेल मला. फक्त अध्यक्ष तुमच्या शर्यत कमिटीतला नको.