चार्ज म्हणजे नक्की कुठला भार?

परवा भाचा विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसला होता, मधेच म्हणाला मामा, विद्युत प्रभार म्हणजे चार्ज ना, मग आमचे प्रभारी मुख्याध्यापक म्हणजे चार्ज झालेले मुख्याध्यापक का? हसलो खरा, पण पोरगं चुकीचं बोलत नव्हतं, दोन्हीकडे चार्जच आहे की.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिन कॅरस, म्हणजे गाडा. गाड्यावर माल लादायचा, हा मूळ अर्थ. कार आणि कार्गो त्याच खानदानातले. बंदुकीत ठासलेली दारू चार्ज, बदली झाली की साहेब देतात-घेतात तो चार्ज, म्हणजे पदभार, आणि कोर्टात ठेवतात तो आरोप. आरोप या शब्दातही मुळात वर चढवणंच आहे.

मला सगळ्यात आवडतो तो सातबाऱ्यावरचा. जमिनीवर कर्ज काढलं की इतर हक्कात बोजा चढतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०० आहे, तिथे मालमत्तेवरच्या असल्या बोजाला इंग्रजीत चार्जच म्हटलंय. आमचं कर्ज फिटलं तरी उताऱ्यावरचा बोजा काही उतरेना, बँकेचा दाखला घेऊन तीन खेपा घातल्या तेव्हा कुठे फेरफार झाला. चढतो काय, उतरतो काय, अगदी बैलगाडीच!

पैशाच्या चार्जला मात्र भार चालत नाही, तिथे आकार. वीजबिल काढून बघा, स्थिर आकार, वहन आकार. त्याच बिलावर मंजूर भार पण असतो पण तो लोड, म्हणजे भार तिथे आधीच अडकलाय. लाठीचार्जला लाठीमार इतका फिट्ट बसलाय की तिथे डोकं चालवायचं कारणच नाही. आणि बोअर रिचार्ज करतात त्याला पुनर्भरण, भर आणि भार दोन्ही भृ धातूचेच, त्यामुळे तेही घरातच.

राहिला मोबाईल. मांत्रिक लिंबू भारून देतो, एखादी सभा भारलेली असते, मग फोन का भारू नये? काल घरी म्हणून बघितलं, माझा फोन जरा भारून ठेव गं. तर बायको म्हणते, भरून म्हणजे? रिचार्ज संपला का, परवाच तर मारला होता.