शाळेत असताना खऱ्याखुऱ्या कामाच्या जागी काम केलंय का? तुमचे अनुभव सांगा

माझा मुलगा पुण्यात शाळेत आहे, सातवीत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय की सहावी ते आठवीत कधीतरी 10 दिवस दप्तर घरी ठेवून मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा गावातल्या माणसांच्या हाताखाली शिकायचं. वाचून फार बरं वाटलं होतं. त्याच्या शाळेत त्याचं झालं काय तर बस आली, एका कारखान्यात काचेपलीकडून मशीन दाखवलं, बिस्किटाचा पुडा दिला, फोटो काढले, परत. मी त्याला विचारलं तिथे काय बनतं रे, तर म्हणाला काहीतरी प्लास्टिकचं. मला हे मान्यच नाही. बघणं वेगळं आणि तुझ्या हातून झालेलं काम पुढचा माणूस वापरणार आहे हे माहीत असणं वेगळं. तर ज्यांनी शाळेत असताना असं काम केलंय, किंवा मुलांना पाठवलंय, किंवा आपल्या जागी मुलं घेतलीयेत, त्यांनी सविस्तर लिहा. वाईट अनुभवही चालतील.

शिरूर तालुका, सध्या चाकणला नोकरी

आमच्या हायस्कूलला पाबळच्या विज्ञान आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डॉ. कलबाग म्हणून अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ, अमेरिकेत पीएचडी केलेले, हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून 1983 मध्ये पाबळसारख्या दुष्काळी गावात आले आणि त्यांनी हे सुरू केलं. आठवड्यातला एक दिवस पूर्ण हातकामाचा. वेल्डिंग, पत्राकाम, घरातली वायरिंग, माती परीक्षण, हिमोग्लोबिन तपासणं, सगळ्या वर्गाला सगळं, मुलींनाही वेल्डिंग आणि मुलांनाही स्वयंपाक. शिकवणारे गावातलेच कारागीर. आणि मेन गोष्ट म्हणजे गावातल्या लोकांची कामं घ्यायचो. कुणाच्या गोठ्याचं गेट, शाळेची मोडकी बाकं, मटेरियलचा खर्च काढायचा, मजुरी धरायची, बिल करायचं.

मला अजून लख्ख आठवतं ते शेळीचं वजन. टेपने छातीचा घेर मोजायचा, अंगाची लांबी मोजायची, दोन्ही इंचात. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, की किलोत अंदाजे वजन येतं. घेर 28 आणि लांबी 26 असली तर साधारण 31 किलो. आमच्याकडे व्यापारी यायचा तो नुसतं कमरेवर हात दाबून भाव सांगायचा आणि आजी ऐकायची. मी आठवीत असताना टेप घेऊन गेलो आणि वजन सांगितलं, तो म्हणाला पोराचं काय ऐकता, पण आजीने शेळी सोडलीच नाही दाव्याची. शेवटी त्याने भाव वाढवला. तोपर्यंत वर्ग, गुणाकार वगैरे माझ्यासाठी पेपरात होतं, त्या दिवशी ते आमच्या दारात आलं. घरात माझ्या शिक्षणाबद्दल बोलण्याचा सूरच बदलला त्यानंतर.

श्टुटगार्ट

आमच्याकडे जर्मनीत हे शाळेचा भागच आहे, प्राक्टिकुम म्हणतात. नववी-दहावीच्या आसपास एक-दोन आठवडे शाळा नाही, काम. पण जागा मुलाने स्वतः शोधायची, शाळा देत नाही. मुलीने बायोडेटा बनवला, अर्ज लिहिले, फोन केले. फोन करायला ती इतकी घाबरायची की आधी कागदावर वाक्यं लिहून माझ्यासमोर प्रॅक्टिस करायची. बऱ्याच नकारांनंतर एका चष्म्याच्या दुकानात जागा मिळाली. एवढ्या वयाच्या मुलांना दिवसाला 7 तास आणि आठवड्याला 35 तासांच्या वर ठेवता येत नाही, तसा कायदाच आहे, आणि पगार बहुतेक नसतोच. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, अगं एवढ्याशा पोरीला कामाला कसली लावतेस, काही कमी पडलंय का तुम्हाला! 😊

ती तिथे काचा पुसायची, फ्रेम लावून ठेवायची, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना खुर्चीपर्यंत न्यायची. एक आजोबा नवा चष्मा लावून बाहेर गेले आणि परत आत येऊन तिला म्हणाले समोरच्या पाटीवरचं वाचता येतंय मला. ती घरी येऊन हेच सांगत होती. मग शाळेत रिपोर्ट लिहायचा असतो, कामाचा दिवस कसा जातो, कुठलं शिक्षण लागतं, तुला हे जमेल का. भिंगांचा धडा फिजिक्समध्ये नंतर आला तेव्हा वर्गात तीच बोलत होती असं बाईंनी सांगितलं.

लेस्टर

मी दुसरी बाजू मांडतो. इंग्लंडमध्ये 14 ते 16 वयाच्या मुलांना कामाचा अनुभव देणं शाळांवर बंधनकारक होतं, व्यावसायिक शिक्षणावरच्या 2011 च्या वुल्फ अहवालानंतर 2012 मध्ये ते बंधन काढून टाकलं. आता शाळेवर अवलंबून. मग होतं काय की ज्याच्या घरी ओळखी आहेत त्याला जागा मिळते. आपल्या मराठी मंडळींतच बघतो ना, कुणाचा काका डेंटिस्ट, कुणाची मावशी फार्मसीत, पोरांची सोय होते. माझ्या मुलाच्या वर्गातला एक मुलगा, वडील नाहीत, आई रात्रपाळीला वेअरहाउसमध्ये, त्याने कुणाला विचारायचं? त्याला आईच्याच वेअरहाउसशेजारच्या दुकानात शेल्फ भरायला मिळालं. शेल्फ भरण्यात कमीपणा नाही, पण त्याला डॉक्टर व्हायचंय आणि दवाखान्याचं मागचं दार त्याने कधी पाहिलेलं नाही. आपल्याकडे हे वाढवायचं असेल तर जागा शाळेने शोधाव्यात, पालकांवर सोडू नये. हे मला फार मनापासून वाटतं.

मुंबई, नाव नको

नववीच्या सुट्टीत एका ऑफिसात पाठवलं होतं. झेरॉक्स आणि चहाचे कप, बाकी दिवसभर खुर्ची. कुणालाच माहीत नव्हतं मी का आलेय. शेवटी सर्टिफिकेट मात्र भारी कागदावर दिलं. बस एवढंच.

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर

आमचं छोटं मशीन शॉप हाय, फौंड्रीवाल्यांचं जॉबवर्क करतो. टेक्निकलची पोरं घेतो सुट्टीत. वरच्या ताईंना जे आलं ते का आलं सांगू का, मालकाने आधी ठरवलेलंच नसतंय की पोराला काय द्यायचं. पोरगं आल्यावर शोधाशोध सुरू, मग झेरॉक्सच की.

मी काय करतो तर मशीनला हात नाही, म्हंजे नाहीच. 14 च्या खालच्याला कामाला ठेवताच येत नाही आणि 18 पर्यंत धोक्याचं काम देता येत नाही, 2016 ला कायदा आणखी कडक झालाय, आणि कायदा नसता तरी मी लेथवर पंधरा वर्षाचं पोर उभं केलं नसतं. त्याला तपासणीच्या टेबलवर बसवतो. बूट, गॉगल कंपल्सरी, लांब केस बांधायचे. हातात व्हर्नियर, म्हंजे बारीक माप घ्यायचं साधन, द्यायचं, ड्रॉइंग द्यायचं, आणि सांगायचं ह्यातले पास कुठले, रिजेक्ट कुठले तू सांग. शाळेत लीस्ट काउंट, म्हंजे त्यानं मोजता येणारं सगळ्यात छोटं माप, 0.02 मिमी म्हणून पाठ केलेलं असतंय. इथं त्याच 0.02 वर जॉब परत येतो आणि माझे पैशे जातात हे दिसलं की पोरगं सरळ बसतंय बघा. पैल्या दिवशी मी सगळं परत तपासतो, चौथ्या-पाचव्या दिवशी ते मलाच सांगाय येतंय, मामा ह्या लॉटमध्ये टूल घासलंय वाटतं, माप सरकत चाललंय. हे कुठल्या पुस्तकातनं येणार? एक पोरगी अशीच आलती, आता डिप्लोमा करून क्वालिटीत हाय, दिवाळीला फोन करते.

नागपूर

मला लहानपणापासून गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. दहावीनंतर ओळखीच्या दवाखान्यात बसायला गेली, डॉक्टर काका म्हणाले बस आणि नोंदी लिही. तिथे कळलं की मला प्राण्यांजवळ राहायला आवडते पण जखम उघडी दिसली की मला बघवतच नाही ना बाप्पा. घरचे म्हणाले होईल सवय. मला माहीत होतं नाही होणार. मी मायक्रोबायोलॉजी घेतलं आणि तिथे मी खूश आहे. बारावीनंतर ॲडमिशन आणि फी भरून हे कळलं असतं तर काय केलं असतं?

निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

कोठारी आयोगाने 1964-66 मध्येच कार्यानुभव सर्वांना द्या म्हणून सांगितलं होतं, आणि साताऱ्यात तर कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी त्याच्याही कितीतरी आधी कमवा आणि शिका प्रत्यक्षात आणलं होतं. तरी शाळेत कार्यानुभवाचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी मागून घ्यायचा तास. वर्षाच्या शेवटी मेणबत्त्या आणि पुठ्ठ्याच्या फाइली विकत आणून मुलं जमा करायची, आम्ही मार्क द्यायचो. मला हे बघवेना.

म्हणून मी आठवी-नववीच्या मुलांना पाळीपाळीने सकाळी दूध संकलन केंद्रावर नेऊ लागले. लहान मुलांनी फक्त बघायचं नि लिहायचं, कॅन कुणी उचलायचा नाही, ही अट. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून दर बांधलेला, त्याच्या खाली गेलं की पैसे कापले जातात. मुलांना वडिलांच्या स्लिपा आणायला सांगितल्या आणि महिन्याचा तक्ता काढला. एका मुलाच्या लक्षात आलं की त्यांच्या गाईचं फॅट संध्याकाळच्या धारेला जास्त लागतंय, मग त्याने घरी विचारायला सुरुवात केली की दोन धारांमधलं अंतर सारखं का नाही, वैरण कधी घालता, पेंड किती. वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले, मला वाटलं तक्रार आहे, तर ते विचारायला आले होते की बाई हा तक्ता मला पण शिकवाल का. केंद्राच्या चिटणिसांनी पुढच्या वर्षी स्वतःहून मुलांना पाठवा म्हणून निरोप दिला.

पुण्याच्या ताई, तुम्ही मुख्याध्यापकांना भेटा. बस आणि कारखाना नको म्हणावं, शाळेपासून चालत जाता येईल अशी चार ठिकाणं पालकांनीच सुचवा, नर्सरी, छापखाना, सायकल दुरुस्ती, पोस्ट. एका जागी चार-पाचच मुलं. मालकाला आधी भेटून विचारायचं की मुलांकडे कोण बघणार आणि मुलं नक्की काय करणार, आणि ह्या दोन्हीची उत्तरं मिळाल्याशिवाय तिथे मुलं पाठवायची नाहीत. पालकांचं संमतिपत्र आणि येण्याजाण्याची वेळ लेखी घ्या. परत आल्यावर निबंध लिहायला लावू नका, वर्गासमोर हातात हत्यार घेऊन करून दाखवू दे.