महिन्याला 2,000 रुपयांत सकस जेवण कसे बसवावे?

प्रश्न (बीडची विद्यार्थिनी)

नमस्कार. मी मूळची बीड जिल्ह्यातली असून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी गेली दीड वर्षे पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. घरी तीन एकर कोरडवाहू शेती आहे आणि यंदा सोयाबीनला भाव न मिळाल्यामुळे घरून येणारे पैसे कमी झाले आहेत. खोलीभाडे आणि अभ्यासिकेची फी दिल्यावर जेवणासाठी हातात 2,000 रुपये उरतात, त्यामुळे मेस दिवाळीनंतर बंद करावी लागली. तेव्हापासून सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी वडापाव किंवा पोहे आणि रात्री खोलीवर केलेला भात व पातळ वरण, असेच चालले आहे.

मागच्या महिन्यात अभ्यासिकेचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 9.4 निघाले. माझे वय 23 आणि वजन 48 किलो आहे. मैत्रिणी बीट आणि खजूर खायला सांगतात, पण चांगला खजूर मला परवडत नाही. खोलीवर आम्हा तिघींत मिळून पाच किलोच्या सिलिंडरची शेगडी आणि तीन लिटरचा कुकर आहे, फ्रिज नाही. अंडी मी खाते, मांस-मासे खात नाही. भाकरी मला नीट थापता येत नाही. एवढ्या पैशांत नेमके काय आणावे आणि काय सोडावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, अशी विनंती आहे. घरी मी यातले काही कळवलेले नाही, कारण आई लगेच कानातले मोडायला निघेल.

उत्तर 1 (निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका)

बाळा, तुझा प्रश्न वाचून राहवले नाही. पंचवीस वर्षे मी मराठवाड्यातल्या गावांमधून फिरले आणि एक गोष्ट सगळीकडे दिसली की, पोट भरते पण अंगी काही लागत नाही. बिस्किटे, वडापाव, पातळ वरण-भात यांनी भूक मोडते, मात्र रक्त वाढायला जे लागते ते त्यातून फारच थोडे मिळते. वरणाच्या वाटीचा तळ दिसत असेल, तर त्यात डाळ जवळजवळ नाहीच असे समज.

आधी घरच्या रेशन कार्डाचे पाहा. कार्ड प्राधान्य गटातले असेल आणि त्यावर तुझे नाव आधारशी जोडलेले असेल, तर तुझ्या वाट्याचे दरमहा 5 किलो धान्य पुण्यातल्या रास्त भाव दुकानातही मिळू शकते. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. त्या तांदळात काही दाणे जरा वेगळ्या रंगाचे दिसू शकतात. लोक त्यांना प्लास्टिकचे समजून वेचून टाकतात आणि मला त्याचे फार वाईट वाटते, कारण लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व घातलेले ते दाणे शंभराला एक या प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असतात. ते टाकू नकोस आणि भाताची पेजही ओतून देऊ नकोस.

दुसरे, घरी जाशील तेव्हा पैसे मागण्याऐवजी ज्वारी आणि हुलगे (कुळीथ) माग. भाकरी येत नसेल तर ज्वारी गिरणीतून भरडून कण्या काढून घे. वाटीभर कण्या आणि मूठभर मुगाची डाळ चार वाट्या पाण्यात घालून कुकरला पाच शिट्ट्या केल्या आणि वर ताक व लसणाची फोडणी घातली, की एका वेळचे पूर्ण जेवण होते. आपल्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला कण्याच देतात. मटकी आणि हुलगे यांना मोड आणायला फ्रिज लागत नाही: सकाळी भिजत घाल, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून खिडकीच्या गजाला टांग, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड येतात. थंडीत अर्धा दिवस जास्त लागतो, आणि फडके वाळले तर मोड खुंटतात, म्हणून मधे एकदा पाणी शिंपड.

उत्तर 2 (माजी विद्यार्थी, सध्या नाशिक)

ताई, मीही पेठेत चार वर्षे काढली आहेत आणि शेवटची दोन वर्षे याच रकमेच्या आसपास भागवले आहे, म्हणून हिशेबच मांडतो. भाव मी घेत होतो त्या दुकानांतले अंदाजे आहेत, तुमच्याकडे थोडा फरक पडेल. महिन्याला साडेचार किलो ज्वारीचे 200, तीन किलो तांदळाचे 135, किलोभर मसूर डाळीचे 100, सव्वा किलो मटकी, हुलगे व चवळी मिळून 120, पाऊण किलो शेंगदाण्यांचे 105, तेलाचे 115, पंधरा अंड्यांचे 105, गूळ, मीठ, तिखट आणि दळण मिळून 130. हे सगळे 1,010 रुपये होतात. रोजच्या भाजीला 15 रुपये धरले तर 450 आणि फळांना 150. म्हणजे 1,610 झाले आणि उरलेल्या 390 रुपयांत दही व गॅसचा तुमचा वाटा निघू शकतो. तुमची ज्वारी घरून आली किंवा तांदूळ रेशनचा मिळाला, तर तेवढे पैसे दुधाला वळवता येतील.

यात मसूर डाळ मी मुद्दाम धरली आहे. तूर डाळ महाग पडते आणि शिजायलाही वेळ घेते, तर मसूर अर्धा तास भिजवला की दोन शिट्ट्यांत होतो आणि तिघींच्या एका शेगडीवर गॅसची ती बचत कमी नाही. भाजीसाठी मंडईत किंवा रस्त्यावरच्या गाड्यांवर रात्री आठनंतर जात जा. मेथी, चाकवत, अंबाडी, शेपू यांच्या उरलेल्या जुड्या त्या वेळी निम्म्या भावात देतात. मी जुडी खोलीवर आणून लगेच निवडायचो, ओलसर कापडात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायचो आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत ताजी राहायची. शेवग्याचा पाला कोणी देत असेल तर तो कधी नाकारू नका.

दुपारच्या वडापावचा प्रश्न मात्र डब्यानेच सुटतो. सकाळी उठल्यावर दहा मिनिटांत उसळ आणि भात कुकरमध्ये एकदम लावता येतो, खाली उसळ आणि वर डब्यात भात. मी शेंगदाण्यांची मूठ आणि गुळाचा खडा खिशात ठेवून अभ्यासिकेत जायचो, त्यामुळे चार वाजता बिस्किटांकडे हात गेला नाही.

उत्तर 3 (आहारतज्ज्ञ)

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी. तुमच्यासारख्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 च्या वर असायला हवे. 9.4 हा मध्यम प्रतीचा रक्तक्षय आहे आणि तो केवळ जेवणाने लवकर भरून येत नाही. जवळच्या महापालिका दवाखान्यात किंवा सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, पोटात जंत आहेत का आणि बी-12 ची कमतरता आहे का, हेही त्यांना पाहू द्या, कारण त्यावर उपचार वेगळे आहेत.

बिटाचा रंग लाल आहे म्हणून त्यात रक्त वाढवणारे लोह भरपूर असेल, हा समज चुकीचा आहे. बाजरी, हुलगे, मसूर, हिरव्या पालेभाज्या आणि अळीव ही लोहाची खरी आणि स्वस्त साधने आहेत. परंतु वनस्पतींमधले लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही, त्याला क जीवनसत्त्वाची जोड लागते. उसळीवर अर्धे लिंबू पिळा, किंवा हिवाळ्यात जेवणासोबत पेरू अथवा आवळा खा. पेरूमध्ये संत्र्यापेक्षा क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असते आणि तो संत्र्यापेक्षा स्वस्तही मिळतो. याउलट चहा लोहाला अडवतो. तुमच्या हिशेबात एक रुपयाही न वाढवता करता येण्यासारखा बदल हाच आहे की, जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा घेऊ नये. मोड आणल्यानेही कडधान्यातले लोह अधिक उपयोगी पडते, त्यामुळे काकूंनी सांगितलेली फडक्याची पद्धत जरूर चालू ठेवा.

प्रथिनांचे म्हणाल तर आपल्याकडे प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम असे प्रमाण सांगितले जाते, म्हणजे तुम्हाला साधारण 40 ग्रॅम हवीत. दीडशे ग्रॅम ज्वारी, शंभर ग्रॅम तांदूळ, तीस ग्रॅम डाळ, चाळीस ग्रॅम कडधान्य आणि पंचवीस ग्रॅम शेंगदाणे एवढ्यातून 43 ते 45 ग्रॅम मिळतात आणि एक अंडे त्यात सहा ग्रॅमची भर घालते. ज्वारी-तांदळात जे अमिनो आम्ल कमी पडते ते डाळी-कडधान्यांत असते, त्यामुळे भाकरीबरोबर उसळ किंवा कण्यांत डाळ ही आपल्या घरांतली जोडी शास्त्रशुद्धच आहे. बी-12 मात्र वनस्पतींतून मिळत नाही. म्हणून अंडी आणि दही हा खर्च पैसे कमी पडले तरी शेवटी कापावा, बिस्किटांचा आधी.

बीडची विद्यार्थिनी

काकू, दादा आणि मॅडम, तुमचे आभार कसे मानावेत हे कळत नाही. आज सकाळी महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि जंतांची गोळी दिली असून महिन्याभराने पुन्हा रक्त तपासायला बोलावले आहे. खोलीतल्या दोघींना हे सगळे वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या की तिघींचा किराणा एकत्रच आणू या, म्हणजे दुकानदार भाव कमी करेल आणि गॅसही एकदाच पेटेल. रविवारी मामा गावाकडून येणार आहेत, त्यांच्यासोबत दहा किलो ज्वारी आणि दोन किलो हुलगे पाठवायला आईला सांगितले. तिने कारण विचारले, तेव्हा मी रक्ताच्या तपासणीचे खरे सांगून टाकले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की ज्वारीबरोबर अळिवाची पुरचुंडीही बांधून देते, आणि कण्या कशा भरडायच्या ते मामीकडून नीट विचारून घे.

काकू, एक विचारायचे राहिले. हुलग्यांना मोड येतात पण शिजल्यावर थोडे कडसर लागतात. भिजवलेले पाणी टाकायचे की ठेवायचे?

निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका

भिजवलेले पाणी टाक. शिजवलेले पाणी मात्र ठेव, त्यात कोकम किंवा चिंचेचा कोळ, लसूण आणि थोडा गूळ घालून कढण कर आणि ते भातावर घे. मोड फार लांब वाढू दिले तरी कडसरपणा येतो, म्हणून ते पेराच्या निम्मे झाले की शिजवून टाक. माझ्या पहिल्या उत्तरात मी पेराएवढे म्हटले होते ते मटकीसाठी ठीक आहे, हुलग्यांसाठी नाही. आईला माझा नमस्कार सांग.